वैशाखातील वनभोजने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘मंडळाची पन्नास वर्षे’ या विषयावर मी बोलावे, अशी कार्यवाहांची इच्छा होती. परंतु तो विषय आपल्या वृत्तांतात ताळेबंदासह आलेलाच आहे, आणि केंद्र सरकारच्या नोकरीत अहवाल लिहून लिहून माझी लेखणी झिजली आहे. आज मला अहवालातून रजा मिळावी. मी आपल्या उन्हाळी वनभोजनांविषयी बोलणार आहे.

शास्त्राप्रमाणे वनभोजन कार्तिकातले, आवळीच्या छायेतले. झाशीच्या उन्हात, जेथे पारा पंचेचाळीसच्या वर सहज जातो, तेथे वैशाखात वनभोजन काढणारी माणसे कोण, असे नवख्याला वाटे. उत्तर सोपे होते. आपल्यातील निम्मी कुटुंबे रेल्वेची. मुलांच्या परीक्षा संपल्या की पास काढून सारे पुण्या-नागपूरकडे निघत, ते थेट जूनमध्ये परतत. तेव्हा परीक्षा आणि पास यांच्यामध्ये जो एक रविवार सापडे, तोच आमचा मुहूर्त! पहाटेच्या पॅसेंजरने बरुआसागर गाठावयाचे, किंवा बसने ओरछाला बेतवेच्या काठी जावयाचे, आणि नऊच्या आत सावली धरावयाची. नवतपा लागण्यापूर्वी हे सारे उरकलेले असे.

बरुआसागरचा तलाव ओरछाचे राजे उदितसिंह यांनी बांधविलेला. भोवतालचा मुलूख भाजीपाल्याचा आणि आल्याचा. म्हणून घरून शिधा न्यावयाचा आणि भाजी तेथेच घ्यावयाची, असा रिवाज होता. बेतवेच्या काठी गेलो की मंडळींपैकी कोणीतरी ज्येष्ठ १ एप्रिल १८५८ या दिवशी तात्या टोप्यांच्या सैन्याचा सर ह्यू रोजशी याच नदीच्या परिसरात कसा सामना झाला, ते सांगावयास बसत. आम्हा मुलांचे कान तिकडे असत आणि डोळे डाळीच्या पातेल्याकडे!

त्या डाळीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर भरड वाटावयाची, कैरी किसून घालावयाची, वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. एवढ्याशा कृतीवरून आपल्या मंडळात दोन पक्ष पडत. कोकणातून आलेल्यांना फोडणीला शेंगदाण्याचे तेल हवे. तीन-चार पिढ्या झाशीत काढलेल्यांना सरसूचे तेल चालेच असे नव्हे, आवडे. हा वाद मिटला नाही. दोन पातेली होऊ लागली, इतकेच.

मात्र डाळ-पन्ह्यावर पोट भरत नाही. पोट भरे ते बुंदेलखंडी गकरियांनी. कणकेचे जाड गोळे थापून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचे, राख झटकून तुपात बुडवावयाचे. त्याच आरात वांगी खुपसलेली असत. त्यांचे भरीत मात्र आपल्या पद्धतीने, दाण्याचे कूट आणि दही घालून होई. मोहाची फुले हा या मुलखाचा मेवा. ती वाळवून, कुटून केलेला लाटा शेजारच्या बुंदेली घरांतून आमच्यासाठी मुद्दाम येई. विदर्भातून आलेल्या भगिनींना मोह पाहून माहेर आठवे. आणि मांडे! ते आपलेच, असा माझा बालपणी अभिमान होता. पुढे कळले की बुंदेलखंडातही मैद्याचे मांडे मातीच्या तव्यावर करतात आणि त्यांना मांडेच म्हणतात. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद विद्वानांनी घालावा.

झाशीतील आपले वास्तव्य कालपरवाचे नव्हे. नारोशंकर १७४२ मध्ये येथे सुभेदार म्हणून आले, पुढे नेवाळकर आले. याच शहराचे वृंदावनलाल वर्मा यांनी ‘झाँसी की रानी’ या १९४६ च्या कादंबरीत राणीसाहेबांच्या काळातील हळदीकुंकू मोठ्या प्रेमाने रंगविले आहे. आपली चैत्रगौर अक्षय्यतृतीयेला उठते; त्याच दिवशी येथील मुली अकती म्हणून वडाखाली बाहुल्या मांडतात आणि भिजवलेले चणे वाटतात. आपल्या ओटीतील हरभरे आणि त्यांचे चणे यांत मला तरी भेद दिसत नाही.

परंतु हळदीकुंकवाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी आत्या तरुणपणीच विधवा झाली आणि आमच्याकडे राहिली. चैत्रात घरोघरची बोलावणी येत, ती आईला. आत्या त्या संध्याकाळी देवघरात वाती वळीत बसे; कोणी काही बोलत नसे. वनभोजनाच्या दिवशी मात्र साऱ्या स्वयंपाकाची सूत्रे तिच्याकडे असत. मीठ किती, कैरी किती, फोडणी केव्हा, हे तिला विचारल्याशिवाय सौभाग्यवतींचा हात पुढे होत नसे. पंगतीत शेवटी बसावयाचे, हा तिचा हट्ट होता. पण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नी तिच्यासाठी थांबत आणि तिच्या पानाशेजारीच बसत. वर्षातील तो एक दिवस आत्या मोठ्याने हसलेली मी पाहिली आहे.

ही वनभोजने गेली काही वर्षे बंद पडली आहेत. मुले बंगळूर-पुण्याला गेली, उन्हाळा अधिक कडक झाला, चुली मांडावयास जागा उरली नाही, ही कारणे खरी आहेत. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंगल कार्यालयात केटररकडून मेजवानी द्यावी, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सूचना सोयीची आहे. माझा तिला विरोध आहे, आणि तो येथे सर्वांसमक्ष नोंदवितो. केटरर उत्तम जेवण देईल; परंतु मीठ किती, हे तो आपल्यापैकी कोणा आत्याला विचारणार नाही.

आत्याच्या हाताखाली डाळ वाटलेल्या एक आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांच्याकडे प्रमाण लिहून मागितले. त्या म्हणाल्या, “लिहून कसलं घेतोस? ये आणि बघ.” त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा हे बघणे पुढील वर्षावर टाकता येणार नाही.

अध्यक्षांच्या अनुमतीने सांगतो: परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बस पहाटे साडेपाचला निघेल. गोवऱ्यांची आणि जागेच्या परवानगीची व्यवस्था मी पाहीन. तेल दोन्ही प्रकारचे असेल. ताट-वाटी प्रत्येकाने घरची आणावी, आणि डाळ वाटावयास शिकू इच्छिणाऱ्यांनी, पुरुषांनीही, आजींकडे आजच नावे द्यावीत.