सल्ला कोणाचा आणि सही कोणाची?



या व्यासपीठावर विद्वान येतात. माझे शिक्षण रात्रपाळीनंतरच्या वाचनातून आणि युनियनच्या कचेरीतल्या कागदांतून झालेले आहे. तेव्हा मी जे सांगणार ते कामगाराच्या पगारपत्रकाच्या बाजूने सांगणार, हे आधीच कबूल करतो. विषय आहे कारखान्यातला, बँकेतला, सरकारी खात्यातला तंत्राचा मुख्य अधिकारी आणि त्याने बाहेरून बोलावलेला सल्लागार.

तंत्राचा साहेब आपल्याला नवा नाही. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत यंत्रे लँकेशायरहून आली आणि त्यांच्याबरोबर मास्तरही तिकडूनच आले. त्यांचा स्वभाव कसा असे ते वेगळे. पण साचा कोणाच्या हुकुमाने बसला, हे साऱ्या खात्याला माहीत असे. यंत्र बिघडले की हाक कोणाला मारायची याचा घोळ नव्हता. 1928 साली मुंबईचा सहा महिन्यांचा संप झाला. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, ही त्यातली एक तक्रार होती. भांडण कडाक्याचे झाले, पण ते समोरासमोरच्या माणसांत झाले.

पुढे संगणक आला. प्रथम त्याच्या खात्याचा प्रमुख म्हणजे हिशेबनीसाचा धाकटा भाऊ! पगारपत्रके छापून देणे एवढेच त्याचे काम. अमेरिकेत 1981 च्या सुमारास 'चीफ इन्फर्मेशन ऑफिसर' ही पदवी पुढे आली आणि 1996 च्या कायद्याने तिथल्या सरकारच्या मोठ्या खात्यांना असा अधिकारी नेमणे भाग पडले. तळघरातला माणूस संचालकांच्या टेबलाशी बसला. आता तर यंत्रेही स्वतःची राहिली नाहीत. ती दुसऱ्याच्या इमारतीत असतात आणि आपण त्यांचे भाडे भरतो. त्यामुळे या अधिकाऱ्याचा दिवस यंत्रापेक्षा करारांत अधिक जातो. कोणाकडून काय घ्यायचे, किती मुदतीने, कोणत्या अटीवर. आणि एकट्याला इतके सगळे कळणे शक्य नाही, म्हणून सल्लागार.

यात वाईट काही नाही. घरात दुखणे मोठे असले तर आपणही दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. पण तो डॉक्टर रोग्याला तपासतो. रोग्याच्या मेहुण्याशी गप्पा मारून औषध लिहून देत नाही.

कॅनडाची हकीकत ऐका. तिथल्या केंद्र सरकारने आपल्या 101 खात्यांतील सुमारे 2,90,000 नोकरांच्या पगारासाठी 'फीनिक्स' नावाची नवी यंत्रणा घेतली. खर्चाचा आकडा 31 कोटी डॉलर ठरला. पुढे दरसाल सुमारे 7 कोटी वाचणार होते. बचत कुठून येणार? 46 खात्यांत पगाराचे काम जाणणारे सुमारे 1,200 लोक होते. त्यांच्या जागा काढल्या आणि मिरामिची नावाच्या गावी एका केंद्रात त्याहून पुष्कळ थोडे लोक बसवले. आता पगार म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी नव्हे. रात्रपाळीचा भत्ता, बदली, बाळंतपणाची रजा, वरच्या जागेवर तात्पुरते केलेले काम, या साऱ्याचे नियम त्या जुन्या कारकुनांच्या डोक्यात होते. ती डोकी यंत्र सुरू होण्याच्या आधीच घरी गेली.

महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांचा 2018 चा अहवाल मी दोनदा वाचला. पैसा आणि मुदत सांभाळण्यासाठी अधिकाऱ्यांनी 984 पैकी 100 हून अधिक कामे यंत्रणेतून काढली किंवा पुढे ढकलली. एखाद्या खात्यात आधी चालवून पाहायचे ठरले होते, तेही रद्द केले. आणि सल्लागार? ते होते ना! खात्यांच्या वतीने नेमलेल्या एका बाहेरच्या संस्थेने यंत्रणा सुरू होण्यापूर्वीच धोक्याचा इशारा दिला. तो मानला गेला नाही. 24 फेब्रुवारी 2016 रोजी पहिला टप्पा सुरू झाला. दुसरा टप्पा थांबवा, असे कर्मचारी संघटना म्हणत होत्या, तरी एप्रिलमध्ये तोही झाला. 2017 च्या मध्यापर्यंत दीड लाखाहून अधिक लोकांची प्रकरणे तुंबली आणि कमी किंवा जास्त दिलेल्या पगाराची रक्कम 52 कोटी डॉलरवर गेली. कमी मिळालेल्याचे हाल तर उघडच आहेत. पण जास्त मिळालेल्याकडून पुढे वसुली होते, तेव्हा त्याने ते पैसे खर्चलेले असतात.

म्हणून सल्लागार आला की मी त्याची पदवी विचारत नाही. तुम्हाला कोणी नेमले, तुम्ही कोणाकोणाशी बोललात आणि तुमचा अहवाल कोणाच्या टेबलावर जाणार, एवढेच विचारतो. यंत्र विकणाऱ्याचे हित आणि सल्ला देणाऱ्याचे हित एकाच पाकिटात असेल तर तो सल्ला नव्हे, दलाली आहे.

उलट उदाहरणही आपल्या शेजारचेच आहे. 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. मालकांनी स्वयंचलित साचे बसवले होते, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. राइस साचेखात्यात उभे राहून पाहू लागले. 224 साच्यांवर 29 माणसे, आणि त्यांची कामे बारा प्रकारची. विणकराकडे 24 किंवा 32 साचे, तर बॅटरी भरणाऱ्याकडे 40 किंवा 50. म्हणजे कोणाचा सोबती कोण, हेच ठरलेले नव्हते! एकेका साच्यांच्या ताफ्याला एकेक टोळी असावी, ही कल्पना त्यांनी बोलून दाखवली आणि कामगारांनी ती उचलली. टोळ्या त्यांनी आपल्या आपणच बांधल्या. घडी बसल्यावर साच्यांचे काम सुधारले आणि खराब कापड कमी झाले. मालकाच्या पैशाने आलेला सल्लागार होता, हे मी विसरत नाही. पण तो खात्यात उभा राहिला, आणि गिरणीच्या अधिकाऱ्यांनी निर्णय आपल्या अंगावर घेतला. पुढे 1970 मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर परत पाहायला गेले. एका खात्यात टोळीची पद्धत टिकून होती, इतरत्र ती बरीच ढासळली होती.

बँकांत संगणक आला तेव्हा 1983 साली संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात करार झाला. यंत्र कुठे आणि किती, हे लिहून ठरले. त्या कराराला पुष्कळांनी नावे ठेवली. मला तो शहाणपणाचा वाटतो. आज यंत्र माणसाची हजेरी, वेग आणि बढतीसुद्धा ठरवू पाहते. तेव्हा आम्ही वाटाघाटीत नवे कलम मागतो आहोत. कामाची पद्धत बदलणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने कामगारांशी त्यांच्या जागेवर येऊन बोलावे, त्याच्या अहवालाची प्रत संघटनेला मिळावी, आणि अंतिम आदेशावर सल्लागाराची नव्हे, नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याची सही असावी. एका ठिकाणी पहिला भाग मान्य झाला आहे. सहीवर अजून अडले आहे. पुढची बैठक महिन्याअखेरीस आहे.