गिअरबॉक्सचा ताप खरा की खोटा?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल किती तापले आहे, हे गाडीच्या कंट्रोल युनिटला एका छोट्या सेन्सरकडून कळते. तेल तापले की सेन्सरचा विद्युत रोध घटतो, निवले की वाढतो. नेहमीच्या चालीत हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसवर राहते. सेन्सर खोटा आकडा देऊ लागला, तर गिअर उशिरा किंवा झटक्याने पडतात, टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, इंधन जास्त लागते. कधी गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते.

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात औंढा नागनाथ किंवा सेनगावच्या वाटेवर भरल्या गाडीचे तेल खरोखरच जास्त तापू शकते. म्हणून इशाऱ्याचा दिवा लागला की लगेच सेन्सर बदलायला निघणे चुकीचे. आधी तेल पाहावे. ते काळपट असेल, करपट वास येत असेल, तर ताप खरा असण्याचीच शक्यता जास्त.

सर्वांत भरवशाची तपासणी पहाटेची. गाडी रात्रभर उभी असावी. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनर जोडावा. गिअरबॉक्सचे तेल, कूलंट आणि बाहेरची हवा, तिन्हींचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. हवा २६, कूलंट २७ आणि तेल मात्र ११० दाखवत असेल, तर तो आकडा खोटा. उणे ४० दिसले तर सर्किट कुठेतरी तुटले आहे. हिंगोलीच्या हवेत एवढी थंडी संभवतच नाही.

मग सेन्सरचा कनेक्टर काढावा. खोटा चढा आकडा लगेच उणे ४० वर उतरला, तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा. उतरला नाही, तर वायर शॉर्ट आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर, कनेक्टरमध्ये शिरलेले तेल किंवा पावसाळ्यातला चिखल ही नेहमीची कारणे. तपासणीसाठी तार लावायच्या पिना मात्र सर्किटच्या नकाशावरूनच ओळखाव्यात. अंदाजाने तार लावली तर युनिट जळू शकते.

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतो, तेलाचा पॅन उतरवावा लागतो. त्यामुळे बाहेरून होणारी तपासणी आधी पुरी करावी. नवा सेन्सर बसवल्यावर बिघाडाचे कोड पुसून, कंपनीने सांगितलेलेच तेल भरून, ठरवून दिलेल्या तापमानाला पातळी पुन्हा बघावी.