कान आणि मोडेम



नेरडीगोंड्याच्या परिसरात तेलुगू, मराठी आणि गोंडी शेजारी नांदतात. बोलताना एखादा शब्द निसटला, तरी ऐकणारा तो संदर्भाने भरून काढतो. मोडेमपाशी हे औदार्य नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा संगणकाची माहिती मोडेमच्या शिट्ट्यांतून दूरध्वनीच्या तारेवरून जाई. इंटरनेटवरील दूरध्वनी मात्र आवाजाचे तुकडे पाडून पाठवतो. त्यातील जी.७२९ ही पद्धत सेकंदाला ६४ किलोबिटांचा आवाज ८ किलोबिटांत आवळते. माणसाचे बोलणे कळते. मोडेमची शिट्टी विद्रूप होते.

म्हणून अशा सेवेवर जुना मोडेम चालवायचा, तर पूर्ण ६४ किलोबिटांची जी.७११ पद्धत निवडावी. प्रतिध्वनी पुसण्याची व शांतता गाळण्याची सोय बंद ठेवावी. तुकडे साठवून सोडण्याचा अवधी स्थिर राखावा आणि वेग ९६०० बिटांपर्यंत उतरवावा. वाटेत तुकडे हरवत राहिले, तर एवढे करूनही संपर्क तुटतो.

वेगाचा मोह सोडल्यावाचून भरवसा लाभत नाही. ग्रंथाचेही तसेच आहे. सारांशाने काम भागते. पण मूळ पाठ पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, तर अक्षरन् अक्षर जपावे लागते. ग्रंथालयाचे शतकाचे व्रत हेच होय.