जामबागेत ताशी ३०



कोठी-पुतळीबावडीच्या वाहतुकीत आपली विवेकवर्धिनी उभी आहे. रस्ता ओलांडायचा तो शाळकरी मुलांनी आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी.

२०२३ साली तेलंगण सरकारने हैदराबादेतील वसाहतींच्या रस्त्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. ही मर्यादा शाळेसमोरच्या मोठ्या रस्त्यालाही हवी, ही आपली मागणी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ राज्य सरकारला तसा अधिकार देते.

३० च का? धोका दिसल्यापासून ताशी ५० ने धावणारी मोटार थांबायला सुमारे २८ मीटर लागतात. ३० ने धावणारीला १३. या १५ मीटरांत एखादे मूल वाचते.

नुसत्या पाटीने वेग उतरत नाही. म्हणून महानगरपालिकेने शाळेसमोर पादचाऱ्यांसाठी उंच, सपाट पट्टा बांधावा आणि पदपथ मोकळे करावेत. गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचे, पांढरे पट्टे मारलेले असावेत. ओबडधोबड उंचवट्यावर दुचाकीस्वारच पडतो.

मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, आपण हाच प्रश्न विचारू या. आणि आपल्या घरच्या गाड्या आजपासूनच तिशीत चालवू या.