मुरुमांची गोळी उसनी घेऊ नका

आज बोलायचं आहे मुरुमांविषयी, आणि त्यासाठी पोटात घ्यायच्या औषधांविषयी. "हा काय रेडिओवर बोलायचा विषय?" असं आधी आम्हालाही वाटायचं.

पण मध्यंतरी गटाची बैठक उठता उठता एक बाई मागे थांबली. लेकीचं लग्न वीस दिवसांवर आलेलं. लेकीचा चेहरा मुरुमांनी भरलेला, म्हणून शहरातल्या मामेबहिणीने आपल्या उरलेल्या गोळ्या तिला दिल्या होत्या. तीन आठवडे ती त्या घेत होती. ओठ फुटून रक्त येऊ लागलं, म्हणून आई विचारत होती, "तूप लावलं तर चालेल ना?"

आम्ही पाकीट मागवलं. नाव होतं आयसोट्रेटिनॉइन. आशाताई मायलेकींना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या.

हे औषध वाईट आहे का? नाही. खोल, दुखरी, खड्डे पाडणारी मुरुमं दुसऱ्या कशाने हटत नाहीत, तेव्हा हेच सर्वांत जास्त गुण देतं. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी ते आक्रसवतं. साधारण चार ते सहा महिने घ्यावं लागतं आणि पुष्कळांची मुरुमं नंतर बराच काळ परतत नाहीत. ओठ कोरडे पडणं हे तर जवळजवळ प्रत्येकाला होतं. यकृत आणि रक्तातली चरबी तपासायला डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. मन फार उदास राहिलं, तर तेही लगेच सांगायचं.

खरा धोका वेगळाच आहे. या गोळ्या चालू असताना दिवस गेले, तर बाळाचा मेंदू, हृदय, कान, चेहरा यांत व्यंग येऊ शकतं. थोडे दिवस घेतली तरी हा धोका असतो. म्हणून सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी करतात. आधी एक महिना, गोळ्या चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना, दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तेवढ्या काळात रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.

आता हिशेब करा. गोळी आज थांबवली आणि लग्न वीस दिवसांवर. म्हणजे लग्नानंतरचे पहिले दहा दिवस धोक्याचेच. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि तेवढ्या दिवसांसाठी खात्रीचं साधन वापरायला सांगितलं. आईला घाम फुटला. "सासरी कसं सांगायचं? लग्न मोडेल." दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी मुलीनेच नवऱ्यामुलाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." लग्न ठरल्या दिवशीच लागलं. मुरुमं होती तशीच होती, पण मुलगी निर्धास्त होती.

मैत्रिणींनो, मुरुमांसाठी आणखीही गोळ्या असतात. डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध. ते सहसा तीनेक महिने देतात, सोबत लावायचं मलम असतं. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळतं. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून शेतात जाताना तोंडाला ओढणी बांधायची. शाळेतून, अंगणवाडीतून मिळणारी लोहाची गोळी याच वेळी घेऊ नका. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगाला लागत नाही. गरोदर बाईने तेही घ्यायचं नाही. आणि ही दोन औषधं एकत्र कधीच नाहीत. त्याने डोक्यातला दाब वाढू शकतो.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर मुरुमांचं मूळ संप्रेरकांत असू शकतं. तिथे डॉक्टर कधी गर्भनिरोधक गोळ्याही देतात. पण रक्ताची गाठ झालेली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल, तर ते आधी सांगा.

कुठल्याही गोळीने आठवड्यात चेहरा उजळत नाही. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो, आणि सुरुवातीला मुरुमं थोडी वाढूही शकतात. म्हणून लग्न तोंडावर आल्यावर धावाधाव नको. लेकीला आधीच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात विचारा.

कुणाच्या घरात अशा गोळ्या उरल्या असतील, तर त्या पुढे देऊ नका. गोळ्या चालू असताना पाळी चुकली, तर लपवू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रागावणाऱ्यांचं नंतर बघू, आम्ही तुमच्यासोबत येऊ.

पुढच्या बैठकीत आपापल्या घरातल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. आशाताईंना बोलावून सगळ्या मिळून वाचू.