पापणी उचलल्यानंतरची वर्षे



अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर जन्मतःच पापणी पडलेले मूल हनुवटी वर करून बघते. घरचे म्हणतात, सवय आहे. पण बाहुली झाकलीच राहिली, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नाही. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर पापणी उचलली तरी नजर क्वचितच पुरती येते. शस्त्रक्रियेत पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात. मांडीतून काढलेली पट्टी सहसा टिकते. सिलिकॉनचा दोरा काही वर्षांनी सैल पडू शकतो. झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम लागते. ऑपरेशनला आपण आनंदाने देणगी देतो. राजूरहून नगरला दरवर्षी तपासणीला यायचे एसटीभाडे कोण देणार? आज मी तेवढेच मागायला उभा आहे.