ट्रकचा बोजा सातबाऱ्यावर नको
(कडेगाव येथील बैठकीतले भाषण)



कडेगावातून जाणाऱ्या गुहागर-विजापूर रस्त्यावर ट्रक दिसला, की आपल्या पोरांना वाटतं, ज्वारी-कपाशीत काय उरतंय? त्यापेक्षा ड्रायव्हर होऊ. वाटण्यात गैर काही नाही. पण आजवर बैलं हाकली आणि उद्या एकदम ट्रक, असं होत नाही.

आधी कायदा बघू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मालगाडी चालवायला २० वर्षं पूर्ण लागतात. अवजड ट्रकचा शिकाऊ परवाना हवा, तर हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना पाहिजे. आठवी पासची अट २०१९ साली गेली. मालासकट साडेसात टनांपर्यंतचा टेम्पो हलक्या परवान्यावर चालतो, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. तेव्हा हात आधी टेम्पोवर बसवावा.

आता हिशेब. दुसऱ्याच्या गाडीवर पगार आणि भत्ता आपला. डिझेल, टायर, विमा मालकाचा. आपण मालक झालो की हे सारं आपल्या डोक्यावर, शिवाय कर्जाचा हप्ता. येताना गाडी रिकामी आली तरी डिझेल जळतंच. आणि भाडं ठरवणार दुसराच! कपाशीचा भाव दुसरा ठरवतो म्हणूनच तर आपण शेतीला विटलो ना?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पोराला अडवू नका. दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढू द्या. पण जमीन गहाण टाकून ट्रक घेऊ नका. गाडी दारात उभी राहिली, तर पेरायला रान आपलं पाहिजे.